घराजवळची गाणी

जानेवारी १९६५. ‘द किंक्स’ हा लंडनचा रॉक बँड ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर निघाला होता आणि वाटेत त्यांचा मुक्काम मुंबईत पडला. भल्या पहाटे कामाला निघालेल्या मच्छीमारांचं गाणं वीस वर्षांच्या रे डेव्हिसच्या कानावर आलं. बँडचा गायक तोच, गाणी लिहिणाराही तोच. जुलैमध्ये बाजारात आलेल्या ‘सी माय फ्रेंड्स’मध्ये ती पहाट उतरली. गिटार तंबोऱ्यासारखी एका स्वरावर घुमत राहते आणि रे त्यावर सुस्तावल्या आवाजात गातो. सतार नाहीच. बीटल्सची सतार लोकांनी ऐकली ती त्या डिसेंबरात, ‘नॉर्वेजियन वुड’मध्ये, पण पॉपमध्ये भारतीय सूर आणल्याचं श्रेय आपण सरसकट त्यांनाच देऊन मोकळे होतो.

रेचा जन्म १९४४चा, उत्तर लंडनमधल्या कष्टकरी घरातला. सहा मोठ्या बहिणी, मग रे, आणि शेंडेफळ डेव्ह. रेनी या बहिणीने त्याला तेराव्या वाढदिवशी गिटार दिली. तिचं हृदय कमकुवत होतं, तरी नाचाची हौस दांडगी. त्याच रात्री नृत्यगृहात नाचता नाचता ती कोसळली आणि गेली.

सात वर्षांनी, १९६४ मध्ये, किंक्सचं ‘यू रियली गॉट मी’ ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचलं. त्यातल्या गिटारचा खरखरीत आवाज डेव्हच्या उपद्व्यापातून आला: त्याने आपल्या स्वस्तातल्या अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा चक्क ब्लेडने चिरला होता. आधी झालेलं गुळगुळीत ध्वनिमुद्रण रेला पसंत पडलं नाही, म्हणून हट्ट धरून त्याने ते पुन्हा करायला लावलं.

पुढच्याच उन्हाळ्यात अमेरिकेचा दौरा भांडणातंट्यांत पार पडला आणि तिथल्या वादकांच्या संघटनेने किंक्सना मज्जाव केला. ही बंदी थेट १९६९ पर्यंत चालली. ऐन भरात असलेल्या ब्रिटिश बँडची सर्वांत मोठी बाजारपेठच गेली! रेच्या गीतलेखनावर मात्र याचा परिणाम चांगलाच झाला, असं म्हणावं लागेल. अमेरिकी ढंगाची प्रेमगीतं मागे पडली आणि त्याची नजर शेजारपाजाऱ्यांकडे वळली. ‘अ वेल रिस्पेक्टेड मॅन’मध्ये घड्याळाच्या काट्यावर जगणारा सभ्य गृहस्थ आला. ‘सनी आफ्टरनून’मध्ये कर भरून कफल्लक झालेला श्रीमंत उन्हात बसून कुरकुरू लागला, १९६६ मध्ये हे गाणंही पहिल्या क्रमांकावर गेलं. ‘वॉटर्लू सनसेट’ (१९६७) सुचलं तेव्हा रेच्या डोक्यात लिव्हरपूल होतं, पण लिहिता लिहिता ते टेम्सकाठी आलं. खिडकीतून बाहेर पाहणारा एक एकलकोंडा माणूस, स्टेशनवर भेटणारं एक जोडपं, खाली नदी. एवढ्याच सामग्रीवर हे गाणं उभं आहे. त्याच्या सगळ्या गाण्यांतलं हे सर्वांत नितळ.

१९६८च्या अखेरीस, तरुणाई क्रांतीच्या घोषणा देत असताना, या गड्याने गावचं हिरवं मैदान, जुनी दुकानं आणि मुरंबेसुद्धा जपायला निघालेल्या मंडळींवर एक अख्खा अल्बम काढला. ‘द किंक्स आर द व्हिलेज ग्रीन प्रिझर्वेशन सोसायटी’ फारसा कुणी विकत घेतला नाही. आज समीक्षक त्याला किंक्सच्या सर्वोत्तम कामांत मोजतात.

‘लोला’ने १९७० मध्ये पुन्हा यश दिलं. त्यातलं ‘कोका-कोला’ हे नाव बीबीसीच्या जाहिरातविरोधी नियमात अडकलं. मग ‘चेरी कोला’ म्हणण्यासाठी रे अमेरिकेतला दौरा सोडून विमानाने लंडनला आला.

२०१७ मध्ये ‘सर’ झालेल्या रेने रेनीसाठीचं गाणं लिहिलं ते १९८०च्या दशकात. ‘कम डान्सिंग’मध्ये पाडून टाकलेलं नृत्यगृह आहे आणि शनिवारी तिथे नाचायला जाणारी बहीण आहे. हे गाणं फारच इंग्रजी वळणाचं म्हणून अमेरिकेत काढायला रेकॉर्ड कंपनीचा प्रमुख कां-कूं करत होता. १९८३ मध्ये ते तिथे सहाव्या क्रमांकापर्यंत गेलं. त्याहून वरचा क्रमांक किंक्सना अमेरिकेत कधीच मिळाला नाही.