जर्मनीतला रविवार

परदेशी बिऱ्हाड थाटलेल्या माणसाला तिथल्या रीतिरिवाजांची ओळख संग्रहालयांत आणि राजप्रासादांत होत नाही, ती होते किराणा भरताना व कचरा टाकताना. आणि जर्मनीत नव्याने राहू लागलेल्या मराठी कुटुंबाला ती बहुधा पहिल्याच रविवारी होते, कारण आपल्याकडे ज्या दिवशी बाजारपेठा ओसंडून वाहतात, त्याच दिवशी तिथे वाणसामानापासून कापडापर्यंतची जवळजवळ सर्व दुकाने बंद असतात आणि मोठ्या रेल्वे स्थानकातील दुकाने, पेट्रोलपंप व सकाळी काही तास उघडणारी बेकरी यांच्यावरच भिस्त ठेवावी लागते.

शांततेचा बंदोबस्त तर याहूनही बारकाईचा. निवासी वस्तीत रविवारी गवत कापण्याचे यंत्र चालवण्यास कायद्याने मनाई आहे. रिकाम्या बाटल्यांसाठी रस्त्याकडेला पांढऱ्या, हिरव्या व तपकिरी काचेची वेगवेगळी पिंपे असतात आणि त्यांवर वेळांची पाटी असते. काच फुटल्याच्या आवाजाचा शेजाऱ्यांना उपद्रव होऊ नये म्हणून रविवारी बाटली टाकायची नाही, आणि म्हणूनच शनिवारी संध्याकाळी पिशव्या घेऊन आलेली माणसे रंग पाहून एकेक बाटली आत सोडताना दिसतात.

नवख्याला हा हेकटपणा वाटतो. परंतु यामागे केवळ धर्मश्रद्धा नाही, जुना राजकीय करारही आहे. १९१९ च्या वायमार राज्यघटनेच्या १३९ व्या कलमाने रविवारला श्रमविश्रांतीचा व आत्मोन्नतीचा दिवस म्हणून कायद्याचे संरक्षण दिले आणि १९४९ च्या घटनेने ते कलम जसेच्या तसे कायम केले. १९५६ साली दुकाने बंद करण्याच्या वेळांचा कायदा झाला. २००६ पासून त्या वेळा ठरवण्याचा अधिकार प्रांतांकडे आहे. बर्लिनने नाताळपूर्वीच्या चारही रविवारी दुकाने उघडण्याची मुभा दिली, तेव्हा चर्चने दाद मागितली आणि २००९ साली सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने ती तजवीज घटनाबाह्य ठरवली. या प्रश्नावर धर्मगुरू आणि कामगार संघटना एका बाजूला उभे राहतात, ही गोष्ट मला अत्यंत अर्थपूर्ण वाटते. कारण गल्ल्यावर बसणाऱ्या बाईला आपल्या मुलांच्या सुटीच्या दिवशीच सुटी मिळावी, हा हक्क एकट्या माणसाने मागून मिळणारा नव्हे.

मराठी माणसाला तर हा झगडा परका वाटू नये. मुंबईच्या गिरणीकामगारांना रविवारची साप्ताहिक सुटी मिळाली ती १० जून १८९० रोजी, कामगारनेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणीमालकांकडे वर्षानुवर्षे लावलेल्या तगाद्यामुळे. आणि सुटीसाठी रविवारच मागण्यामागे तो खंडोबाचा वार, हेही एक कारण होते.

जर्मनीत आज नवा वाद आहे तो विक्रेत्याविना चालणाऱ्या स्वयंचलित दुकानांचा. हेसेन प्रांतात २०२३ साली न्यायालयाने अशा दुकानांना रविवारी मनाई केली आणि पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलून त्यांना मुभा दिली; तरीही जिथे विक्रेते कामाला आहेत अशा दुकानांचे रविवारचे दरवाजे तिथे अजून बंदच आहेत आणि ते तसेच राहावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.