धावपट्टीच्या टोकाची ४० हजार अंडी

मे २०२४मध्ये मुंबईत उतरणाऱ्या एका विमानाची घाटकोपरवर फ्लेमिंगोंच्या थव्याशी टक्कर झाली आणि तीसहून अधिक पक्षी मेले. तेव्हापासून, आणि नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्यावर तर जास्तच, वाचक एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारतात : या पक्ष्यांना हाकलून का लावत नाहीत? फटाके आहेत, भोंगे आहेत, लेसर आहेत, आता ड्रोनही आले. उत्तरासाठी अटलांटिक महासागराच्या मध्यावर, विषुववृत्ताच्या थोडं दक्षिणेला जाऊ. १९४२ साली अमेरिकी सैन्याने तिथे हाच प्रश्न सुरुंगाने सोडवून पाहिला होता. पक्षी हलले नाहीत.

बेटाचं नाव असेन्शन. अवघं ८८ चौरस किलोमीटर, सगळं ज्वालामुखीने ओकलेलं. आफ्रिकेचा किनारा इथून सुमारे १,६०० किलोमीटर, ब्राझीलचा २,२५०. हे नाव १५०३मध्ये अफोन्सो द अल्बुकर्क या दर्यावर्दीने दिलं. भारताकडे निघालेला हा गृहस्थ म्हणजे सात वर्षांनी गोवा जिंकणारा तोच अल्बुकर्क. पुढे १८१५मध्ये नेपोलियनला सेंट हेलेनावर डांबल्यावर इंग्रजांनी शेजारचं (म्हणजे १,३०० किलोमीटरवरचं!) हे बेट खबरदारी म्हणून ताब्यात घेतलं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरली तेव्हा विमानं बनवण्याइतकीच ती रणांगणावर पोचवणं ही मोठी अडचण होती. उत्तर अटलांटिकचं हवामान हिवाळ्यात जीवघेणं. दक्षिणेकडचा मार्ग बरा, पण ब्राझीलमधल्या नातालहून थेट आफ्रिका गाठण्याइतकं इंधन दोन इंजिनांच्या लहान बॉम्बफेकी विमानांत मावत नसे. वाटेत असेन्शनला थांबा मिळाला की टप्पे जवळपास निम्मे होत. पुढे आक्रा, खार्टुम, कैरो आणि तिथून कराचीपर्यंत साखळी जुळली. म्हणजे ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी भारतात आलेल्या काही विमानांची चाकंही या बेटावर टेकून गेली होती.

अमेरिकी लष्कराची अभियंता रेजिमेंट मार्च १९४२च्या अखेरीस बेटावर उतरली. बंदर नाही, गोडं पाणी जवळजवळ नाही, आणि जमीन म्हणजे धारदार, सच्छिद्र लाव्हा. टेकड्या फोडून सुमारे ६,००० फुटांची धावपट्टी त्यांनी जुलैच्या दहा तारखेपर्यंत तयार केली. त्याआधीच, जूनमध्ये, ‘आर्चर’ या ब्रिटिश विमानवाहू जहाजावरचं एक स्वोर्डफिश विमान अर्धवट पट्टीवर उतरायला आलं. कल्पना नसलेल्या अमेरिकनांनी आपल्याच दोस्ताच्या दिशेने गोळ्या झाडल्या. वैमानिक तरीही उतरला, हे त्याचं कौतुक.

खरी पंचाईत पट्टीच्या टोकाला होती. तिथे सुरय कुळातल्या एका समुद्रपक्ष्याची अफाट वसाहत होती : पाठ काळीभोर, पोट पांढरंशुभ्र, वजन जेमतेम २०० ग्रॅम. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकाळ बेटांवर वीण करणारे सुरय कोकणातल्या मंडळींनी पाहिले असतील, त्यांचाच हा भाऊबंद. रात्रंदिवस चाललेल्या त्याच्या कलकलाटावरून खलाशी त्याला ‘वाइडअवेक’ म्हणत, आणि विमानतळालाही तेच नाव पडलं. विमान निघालं की हजारोंचा थवा उडून नेमका त्याच्या वाटेत येई. २०० ग्रॅम काही फार नाही, पण गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. ताशी २०० किलोमीटरला हा पक्षी सुमारे ३०० ज्यूल घेऊन काचेवर आदळतो. आणि पक्षी एकटा कधीच नसे.

मग सुरू झाले उपाय. अमेरिकी हवाई दलाच्या अधिकृत इतिहासात ही कथा अगदी गंभीर चेहऱ्याने सांगितली आहे. आधी धुराच्या मेणबत्त्या लावल्या. मग सुरुंग उडवले. पक्षी उडत, जरा घिरट्या घालत आणि पुन्हा येऊन बसत. मग कुणाच्या तरी डोक्यातून मांजरांची कल्पना निघाली. विमानभर मांजरं आणली, तर तिथल्या बूबी या दणकट चोचीच्या समुद्रपक्ष्यांनी त्यांचाच फडशा पाडला, असं हा इतिहास सांगतो. मला यात सैनिकी गप्पांची फोडणी दिसते. कारण १८१५च्या सुमारास आलेल्या मांजरांचे वंशज आधीच बेटभर पसरले होते आणि त्यांनी बाकीच्या समुद्रपक्ष्यांचा सुपडा साफ करत आणला होता. बूबी तर शेजारच्या एका कातळावर आसऱ्याला गेले होते.

शेवटी लष्कराने ज्याला आधी बोलवायला हवं होतं त्याला बोलावलं : न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीचे पक्षीतज्ज्ञ डॉ. जेम्स चॅपिन. या माणसाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण लष्करी इतिहास त्यांची दोन ओळींत बोळवण करतो. १९१३मध्ये कांगोच्या जंगलात एका माणसाच्या टोपीतलं पीस त्यांनी पाहिलं. ते कुठल्याच ज्ञात पक्ष्याशी जुळेना. त्यांनी ते जपून ठेवलं. तब्बल २३ वर्षांनी बेल्जियममधल्या तेरव्युरेनच्या संग्रहालयात, एका कपाटावर धूळ खात पडलेले दोन पेंढा भरलेले पक्षी त्यांना दिसले. चिठ्ठी होती : भारतीय मोर, अल्पवयीन, आयात केलेला. चॅपिननी पीस ओळखलं. तो आपला मोर नव्हता, आफ्रिकेचा स्वतःचा, विज्ञानाला तोवर अनोळखी असलेला मोर होता! एका पिसासाठी २३ वर्षं थांबणारा माणूस धावपट्टीवर आल्यावर आधी आवाज करणार नाही, आधी बघत बसणार, हे उघड आहे.

चॅपिनना जे दिसलं ते साधं होतं. हा सुरय जमिनीवर राहायला येतच नाही. त्याची पिसं पाण्यात भिजतात म्हणून तो बदकासारखा लाटांवर विसावतही नाही. अंड्यातून निघून उडायला लागलेलं पिल्लू पुढची काही वर्षं समुद्रावरच काढतं. जमिनीशी त्याचं काम एकच, अंडं घालून पिल्लू वाढवणं. सुरुंगाने त्याची भीती जागी होते, पण अंडं जागचं हलत नाही, म्हणून पक्षीही परत येतो. कारण काढून घ्या, पक्षी जागा सोडेल. त्यांच्या सल्ल्याप्रमाणे सुमारे ४०,००० अंडी फोडली गेली आणि वसाहत धावपट्टीपासून दूर सरकली.

वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. भोंगा किंवा लेसर विकणारी कंपनी पहिल्या आठवड्याचे आकडे दाखवते. तिसऱ्या महिन्यात पक्ष्याला कळलेलं असतं की या आवाजाने कुणी मरत नाही. पक्षी तिथे कशासाठी येतो, अन्नासाठी, विणीसाठी की भरतीच्या वेळी पाय टेकायला, हे माहीत नसेल तर उपकरण कितीही महागडं असो, ते धुराच्या मेणबत्तीचंच भावंड. फक्त एक सावधगिरी : चॅपिनचा उपाय विमानांसाठी होता. एका विणीत एकच अंडं घालणाऱ्या पक्ष्याने त्याची किंमत मोजली.

चॅपिन मात्र तिथे थांबले नाहीत. हे पक्षी नेमके कधी येतात, याच्या नोंदी जमवून त्यांनी १९५४मध्ये एक लेख लिहिला. त्यातला निष्कर्ष मला आजही चकित करतो : असेन्शनचे सुरय वर्षातून एकदा नव्हे, दर ९.६ महिन्यांनी वीण करतात. चार वर्षांत पाच वेळा. आपल्या पंचांगात चांद्रवर्ष सौरवर्षापासून घसरू लागलं की अधिक मास घालून त्याला जागेवर आणतात, म्हणून दिवाळी कधी उन्हाळ्यात येत नाही. या पक्ष्यांच्या पंचांगात अधिक मास नाही. यंदा विणीचा हंगाम मार्चमध्ये असेल तर पुढचा जानेवारीच्या आगेमागे, त्यानंतरचा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. दहा चांद्रमास म्हणजे २९५ दिवस, ९.६ महिने म्हणजे २९२. चंद्राला श्रेय देण्याचा मोह होतो. पण साधं उत्तर असं की विषुववृत्ताजवळ ऋतूंचा धाक नाही. पिसं झडून नवी आली, शरीर सावरलं की पक्षी पुन्हा तयार.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश पक्षीशास्त्रज्ञांची मोहीम बेटावर गेली. तिच्यातल्या फिलिप अॅशमोल यांनी मांडलं की मोठी वसाहत आपल्याभोवतीच्या समुद्रातलं भक्ष्य स्वतःच विरळ करून टाकते. याचा थेट पुरावा अलीकडे त्याच बेटाभोवती उडणाऱ्या माशांच्या मोजणीतून मिळाला. विरळपणाचं ते वर्तुळ दीडशे किलोमीटरपलीकडे पोचलेलं आहे.

विमानतळ १९४७मध्ये बंद पडला, शीतयुद्धात पुन्हा उघडला, १९८२च्या फॉकलंड युद्धात गजबजला. मांजरांचा बंदोबस्त व्हायला २००४ उजाडलं. २०१२मध्ये फ्रिगेट पक्षी मुख्य बेटावर वीण करायला परतले. सुरय मात्र तसे सावरले नाहीत. उंदीर उरलेच आहेत, आणि त्यांच्या जोडीला अंडी टोचणारी आपली साळुंकी आहे. एकोणिसाव्या शतकात किडे खाण्यासाठी ती मुद्दाम तिथे नेली होती.

आणि हे नुकसान केवढं, ते कळलं कशावरून? १९४२च्या जुन्या नोंदींवरून. आधी २० लाखांच्या घरात असलेले सुरय १९९०पर्यंत ८० टक्क्यांहून अधिक घटले, असं संशोधकांनी पुढे दाखवलं. ज्या युद्धाने चॅपिनना पक्षी हटवायला तिथे नेलं, त्याच काळातल्या आकड्यांवर आज पक्षी वाचवणाऱ्यांचा हिशेब उभा आहे. विमानतळाच्या कामाच्या यादीत पक्ष्यांची मोजणी कधीच नव्हती.