उधारीचं एकच पान दोघांनी उघडलं, तर खरं कोणाचं?

दुकानाचा हिशोब वहीतून मोबाईलवर कसा आणायचा, हे आपण व्हिडिओत पाहिलंच आहे. पण त्यातली एक गोष्ट मला पाच हजारांचं भांडण करून शिकावी लागली. आज तीच सांगतो, म्हणजे तुमचं भांडण वाचेल.

कोपरखैरण्यात माझं प्लंबिंगच्या सामानाचं दुकान आहे. ओळखीच्या एका मुलाकडून उधारीसाठी छोटं ॲप करून घेतलं होतं. काउंटरवर टॅबलेट आणि घरी बायकोच्या मोबाईलवर तेच ॲप. एका नेहमीच्या प्लंबरची उधारी होती १८,४०० रुपये. एका संध्याकाळी त्याने काउंटरवरच्या पोराकडे ५,००० रोख दिले. पोराने लगेच एन्ट्री केली. बाकी झाली १३,४००.

पण त्याच वेळी घरी बायकोने त्याच प्लंबरचं पान उघडून ठेवलं होतं, कारण त्याचा नवा फोन नंबर टाकायचा होता. तिच्या स्क्रीनवर अजून जुनेच १८,४०० होते. तिने नंबर बदलला आणि सेव्ह दाबलं. ॲपने तिचं अख्खं पान वर चढवलं. पाच हजार गायब!

महिनाअखेरीला मी प्लंबरला फोन करून १८,४०० मागितले. तो म्हणाला, "शेठ, पाच हजार तुमच्या पोराच्या हातात दिलेत. मला खोटं पाडता काय?" मग मी पोरावर संशय घेतला. ते तर त्याहून वाईट झालं. शेवटी सुटका केली बाबांच्या वहीने. बाबा अजूनही रोज संध्याकाळी रोजकीर्द लिहितात. त्या तारखेला जमेच्या बाजूला प्लंबरच्या नावाने ५,००० लिहिलेले होते.

मग मी बसून समजून घेतलं, की चुकलं कुठे. सोप्या भाषेत सांगतो.

काही डेटाबेसमध्ये प्रत्येक कस्टमरचं एक स्वतंत्र पान असतं. त्याला डॉक्युमेंट म्हणतात. नाव, फोन, बाकी, सगळं त्या एका पानावर. हे पान बहुतेक वेळा जेसन नावाच्या साध्या मजकुराच्या पद्धतीत लिहिलेलं असतं. ॲप थेट गोदामात शिरत नाही, ते खिडकीवर चिठ्ठी देतं. ती खिडकी म्हणजे वेब एपीआय. चिठ्ठीवर 'गेट' असेल तर पान दाखवा, 'पुट' असेल तर हे पान ठेवा, 'डिलीट' असेल तर काढून टाका. आमच्या ॲपची खिडकी 'पुट' आलं की डोळे झाकून पान ठेवायची. शेवटी जो सेव्ह करेल त्याचं खरं!

याचा चांगला नमुना म्हणजे काउचडीबी. डेमियन कॅट्झ यांनी २००५ मध्ये सुरू केलेला हा डेटाबेस आता अपाची फाउंडेशनकडे आहे, आणि फुकट वापरता येतो. त्यात प्रत्येक पानाला दोन खुणा असतात. एक ओळख क्रमांक, जो बदलत नाही. दुसरी 'रेव्ह', म्हणजे आवृत्तीची खूण, जी प्रत्येक बदलाला बदलते. तुम्हाला पान बदलायचं असेल तर सांगावं लागतं, 'मी अमुक खुणेचं पान पाहून हा बदल करतोय.' मधल्या वेळात दुसऱ्या कोणी ते बदललं असेल, तर खिडकी तुमचं पान घेत नाही, ४०९ नंबरचं उत्तर देते. त्याचा अर्थ, 'तुमच्याकडचं पान जुनं आहे. ताजं घ्या, मग लिहा.'

बायकोला त्या रात्री ४०९ आला असता, तर ॲपने ताजं पान आणून १३,४०० दाखवले असते, आणि त्यावर फक्त फोन नंबर बदलला असता. बस, एवढंच.

पण मंडळी, रेव्हला जुना हिशोब समजू नका. काउचडीबी जागा मोकळी करताना पानाच्या जुन्या आवृत्त्या टाकून देतो. म्हणून 'बाकी' हा आकडा खोडून बदलत बसूच नका. प्रत्येक उधारी आणि प्रत्येक जमा हे वेगळं पान करा, आणि बाकी ही त्यांची बेरीज-वजाबाकी करून काढा. बाबांची पद्धत हीच आहे. रोजकीर्दीत नोंद खोडायची नाही, खाली नवी नोंद करायची, आणि खतावणीत बाकी काढायची.

सरकारी ई-इन्व्हॉइसही असंच चालतं. १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या धंद्यांना बी-टू-बी बिलासाठी ते लागतं. महापे-तुर्भ्याच्या एमआयडीसीतल्या अशा सप्लायरकडून माल घेतलात, तर बिलावर क्यूआर कोड आणि ६४ अक्षरांचा आयआरएन दिसेल. सप्लायरचं सॉफ्टवेअर जेसनमध्ये बिल एपीआयवरून पोर्टलला पाठवतं आणि हा क्रमांक मिळवतं. एकदा क्रमांक मिळाला की त्या पोर्टलवर बिलात खाडाखोड करता येत नाही. चूक झाली तर २४ तासांत रद्द करा, आणि नवीन नंबरचं बिल करा. रद्द झालेला नंबर पुन्हा चालत नाही.

आता कामाचं. ॲप घेताना किंवा बनवून घेताना हे तीन प्रश्न विचारा:

१. दोघांनी एकच पान उघडून सेव्ह केलं, तर दुसऱ्याला अडवता का?
२. प्रत्येक जमा वेगळी नोंद होते, की फक्त बाकीचा आकडा बदलतो?
३. नोंद कोणी केली आणि किती वाजता, हे दिसतं का?

आणि नुसत्या उत्तरावर जाऊ नका. दोन मोबाईलवर एकाच कस्टमरचं पान उघडा. एकावर ५०० जमा करून सेव्ह करा. दुसऱ्यावर, पान रिफ्रेश न करता, फक्त फोन नंबर बदलून सेव्ह करा. मग तिसऱ्यांदा पान उघडून पाहा. ५०० दिसले नाहीत, तर त्या ॲपवर उधारी ठेवू नका.

मी पोराची माफी मागितली. प्लंबर अजून माझ्याकडेच येतो. पण आता पैसे दिले की स्क्रीनचा फोटो काढतो, मगच निघतो. बरोबरच आहे त्याचं.