सायरन वाजतोय, आत दोन पेशंट असतील!

बुधवारची संध्याकाळ. माहीम चर्चमध्ये नोव्हेनाची गर्दी, एल. जे. रोड तुंबलेला आणि तुम्ही बाइकवर. मागून सायरन ऐकू येतो. आपण काय करतो? अर्धा फूट सरकतो आणि अँब्युलन्स पुढे गेली की तिच्याच मागे लागून सिग्नल काढतो. खरं की नाही?

आता समजा, आत आठव्या महिन्यातली बाई आहे. बीपी वाढलंय, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे अंधारी येतेय. तिला परळला पोहोचायचंय, केईएमला किंवा 1926 पासून बाळंतपणं करणाऱ्या वाडियाला. अंतर जेमतेम पाच-सहा किलोमीटर. पण जीव दोन आहेत.

कमी दिवसांच्या बाळाला न्यायला आईच्या पोटाइतकी सुरक्षित गाडी नाही, असं डॉक्टर सांगतात. तिथे ऊब असते, ऑक्सिजन मिळतो. 37 आठवड्यांआधी जन्मलेलं बाळ पटकन गार पडतं, श्वास अडखळतो, रक्तातली साखर उतरते. त्याला हलवायचं तर गरम इन्क्युबेटर, ऑक्सिजन आणि सोबत जाणकार माणूस लागतो. म्हणून धोका दिसला की बाळंतपणाआधीच आईला मोठ्या हॉस्पिटलात नेणं चांगलं.

'हे मला कशाला सांगतेस?' असं म्हणू नका. घरात ताई असते, वहिनी असते. रक्त जाणं, झटके येणं, दिवस भरायच्या आधी पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी होणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. आपल्या माहीममध्ये रिक्षा येत नाही, ती खाडीपलीकडे बांद्र्यालाच थांबते. रात्री टॅक्सी शोधत बसण्यापेक्षा सरळ 108 लावा. 2014 पासून राज्यात ही सेवा आहे, मोफत आहे आणि गाडीत डॉक्टर असतो. तोवर तिला डाव्या कुशीवर झोपवा, फाइल हातात घ्या आणि हॉस्पिटलला फोन करून ठेवा. आधी कळवलं की तिथली टीम तयार राहते.

आणि रस्त्यावर? अँब्युलन्सला वाट न दिल्यास 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. पण दंडाचं राहू द्या. पुढच्या बुधवारी सायरन ऐकलात तर बाइक डावीकडे घ्या आणि गाडी गेल्यावरही तिच्या मागे लागू नका. आतल्या बाळासाठी तेवढं तर आपण करूच शकतो ना?