सायकलला वेगमर्यादा लागू होते का?

शाळेजवळ, वस्तीच्या तोंडाशी कुठे कुठे 'वेगमर्यादा २०' अशी पाटी असते. जीप, ट्रॅक्टर, मोटारसायकल यांनी ती पाळायची, हे आपल्याला ठाऊक आहे. पण सायकलवाल्यांचं काय?

आधी कायदा पाहू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ११२ मधली वेगमर्यादा मोटार वाहनांसाठी आहे. पायाने चालवायची सायकल त्यात येत नाही. म्हणून 'आम्हाला कसली मर्यादा?' असं कुणी म्हणेल. पण भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ कोणत्याही वाहनाला लागू आहे. बेदरकारपणे चालवून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता हिशेब बघा. ताशी १२ किलोमीटरने जाणारी सायकल एका सेकंदात तीन मीटरहून जास्त पुढे जाते. दारातून पोर धावत आलं, ते दिसून आपण ब्रेक दाबेपर्यंत साधारण एवढा वेळ जातोच. वेग दुप्पट केला, तर हे अंतर दुप्पट होतं आणि ब्रेक दाबल्यावर थांबायला लागणारं अंतर चौपट. उतार असला, ब्रेक ओले असले, मागे पोतं असलं, तर आणखी वाढतं.

साध्या सायकलला वेगाचा काटा नसतो. म्हणून गल्लीत एकच खूणगाठ ठेवायची: समोर जेवढा रस्ता मोकळा दिसतो, तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. वळणावर, गोठ्याच्या आडोशाला वेग कमी करून घंटी वाजवायची.

मात्र सायकल आणि जीप एका मापाने मोजू नका. माणसासकट सायकलचं वजन शंभर किलोच्या आत, जीपचं हजारावर. वस्तीत मोठा धोका मोटारींचाच आहे. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकलींवर आपल्या मुली आठवीच्या पुढे शिकताहेत. 'पोरगी फार जोरात चालवते' म्हणून तिची सायकल घरात लावून ठेवली, तर तिची शाळाच सुटेल. त्यापेक्षा ब्रेक नीट करून द्या, उतारावर कसं थांबायचं ते शिकवा.

गटाच्या पुढच्या बैठकीत दोन कामं घ्या. मुलांच्या सायकलींचे ब्रेक आणि घंटी तपासा. आणि शाळेजवळ मोटारींसाठी पाटी व गतिरोधक हवेत, असा अर्ज सगळ्यांच्या सह्यांनी ग्रामसभेत द्या.