रडू आलं की खाऊ

मूल जेवत नाही, ही तक्रार बालरोगतज्ज्ञांना रोज ऐकावी लागते. भाजी दिसली की तोंड फिरवतं, घास अर्धा तास गालात धरून बसतं, शेजारणीच्या हातची पोळी खाईल पण घरची नाही. या तक्रारीपायी आया रडकुंडीला येतात आणि सासवा टोमणे मारतात. खाण्याची दुसरी एक सवय आहे, तिची तक्रार घेऊन मात्र दवाखान्यात सहसा कुणी जात नाही. दुखलं, रागावलं, कंटाळा आला की काहीतरी तोंडात टाकायचं, ही ती सवय. गेल्या वीसेक वर्षांतल्या संशोधनाकडे पाहिलं तर आपली काळजी बरोब्बर उलट्या जागी चालली आहे असं दिसतं. नाक मुरडणं मूल बरंचसं जन्मतःच घेऊन येतं. दुःखावर खाऊचा उतारा शोधणं ते घरात शिकतं.

हे कळलं जुळ्यांमुळे. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळ्यांची साधारण निम्मी, म्हणजे इतर सख्ख्या भावंडांइतकीच. दोन्ही प्रकारची जुळी एकाच घरात, एकाच हातचं खाऊन वाढतात. एखाद्या सवयीत एकबीज जुळी एकमेकांशी जास्त मिळतीजुळती निघाली, तर तिथे जनुकांचा हात. दोन्ही प्रकारची जुळी सारखीच मिळतीजुळती निघाली, तर घराचा. लूसी कुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये ब्रिटनमधल्या ८ ते ११ वर्षांच्या जुळ्यांच्या ५,३९० जोड्यांचा हिशेब मांडला. नवा पदार्थ नाकारण्यात मुलामुलांत जो फरक दिसतो, त्यातला ७८ टक्के वाटा जनुकांचा निघाला. त्याच वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मलेल्या जुळ्यांवर ‘जेमिनाय’ नावाचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. त्यातही सोळा महिन्यांपासून तेराव्या वर्षापर्यंत खाण्यातल्या चिकित्सकपणात जनुकांचंच पारडं जड राहिलं.

याच जेमिनायमधली मुलं पाच वर्षांची झाल्यावर मॉरिट्झ हर्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा प्रश्न विचारला : मन बिघडलं की मूल जास्त खातं का, किंवा अन्न टाकतं का? २०१७ मध्ये उत्तर आलं, आणि इथे जनुकांचा वाटा नगण्य होता. दोन्ही सवयी जवळजवळ सगळ्या घरातून आलेल्या होत्या. रागावून जेवणावर बहिष्कार टाकणारं मूल ‘अगदी आजोबांवर गेलंय’ असं आपण कौतुकाने म्हणतो. गेलं असेलही, पण रक्तातून नव्हे. आजोबांना तसं करताना पाहून.

थोडा विचार केला तर यात नवल वाटण्यासारखं काही नाही. दोन ते सहा या वयात मूल अनोळखी पदार्थाला सगळ्यात जास्त बिचकतं. पायांवर फिरायला लागलेलं पोर दिसेल ते फळ, दिसेल तो पाला तोंडात घालत सुटलं तर जगायचं कसं? तेव्हा हा संशय निसर्गाने दिलेला. उलट घाबरलेल्या, दुखावलेल्या शरीराला मुळात भूक लागत नाही. ताणाची संप्रेरकं वाहू लागली की जठराचं काम मंदावतं, रक्त स्नायूंकडे वळतं. रडणाऱ्या बाळाला त्या क्षणी बिस्किट नकोच असतं. ते हवं असतं हे त्याला कुणीतरी शिकवावं लागतं, आणि आपण ते अगदी मायेने शिकवतो.

इंग्लंडमधल्या जॅकी ब्लिसेट आणि सहकाऱ्यांनी ही शिकवणी प्रयोगात पकडली. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना चित्राचे तुकडे जुळवायला दिले. पूर्ण केलं तर खेळणं मिळणार होतं. मूल मन लावून जुळवत जातं आणि शेवटी एक तुकडाच नसतो! संशोधकांनी तो मुद्दाम काढून ठेवलेला. मूल हिरमुसतं. (तुकडा थोड्या वेळाने ‘सापडतो’ आणि खेळणंही मिळतं, तेव्हा वाचकांनी काळजी करू नये.) मुलांना प्रयोगाआधीच पोटभर खायला दिलेलं होतं. तरी ज्या आया घरी मुलाची समजूत खाऊने काढत, त्यांची मुलं हिरमुसली की समोरच्या गोड पदार्थांकडे जास्त वळली. २०१० मधला हा प्रयोग छोटा होता. पण नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइममध्ये सुमारे ८०० मुलांचा चौथ्या वर्षापासून दहाव्यापर्यंत मागोवा घेतला, तेव्हाही तेच दिसलं. चौथ्या-सहाव्या वर्षी ज्यांची समजूत खाऊने काढली गेली, ती पुढे मन बिघडलं की जास्त खाऊ लागली. आणखी एक गोष्ट दिसली, ती आईबापांना थोडा दिलासा देणारी : जी मुलं चटकन चिडतात-रडतात, त्यांच्याच हातात खाऊ जास्त टेकवला जातो. म्हणजे दोर दोन्ही टोकांनी ओढला जात असतो.

सुई टोचली, चॉकलेट. पडलं, बिस्किट. पाहुण्यांसमोर भोकाड पसरलं, चिप्सचा पुडा. प्रत्येक वेळी रडू थांबतं, म्हणून उपाय लागू पडला असं वाटतं. मुलाच्या बाजूने काय झालं? आत जे दाटून आलं होतं त्याचं नाव त्याला कळलं नाही. ते आपोआप ओसरतं, हा अनुभव मिळाला नाही. मानसिक आरोग्य म्हणून ज्याला आपण मोठं काहीतरी समजतो, त्याची सुरुवात इतक्या साध्या जागी असते : राग आला, कुणी जवळ घेतलं, राग गेला. मधे क्रीम बिस्किट आलं की हा धडा पुढे ढकलला जातो.

आता नाक मुरडणाऱ्या मुलाकडे वळू. तो स्वभाव जनुकांतला म्हटलं तर घरी काय करायचं उरलं? बरंच. पहिलं म्हणजे तो वाढवायचा नाही. रॉटरडॅममध्ये जवळपास पाच हजार मायलेकरांच्या पाहणीत २०१७ मध्ये एक दुष्टचक्र स्पष्ट दिसलं. दीड आणि तीन वर्षांची असताना जी मुलं चिकित्सेने खात, त्यांच्या आया चौथ्या वर्षी जास्त आग्रह करत होत्या. आणि ज्यांना जास्त आग्रह झाला ती सहाव्या वर्षी आणखी चिकित्सक झाली होती. अमेरिकेत लीन बर्च यांनी तर उभं आयुष्य याच विषयात घालवलं. त्यांच्या प्रयोगशाळेत बालवाडीतल्या मुलांना ‘सूप संपव बघू’ असा लकडा लावला, तर मुलांनी सूप कमी प्यायलं आणि नावं जास्त ठेवली. अनोळखी पेय प्यायल्याबद्दल बक्षीस दिलं, तर ते पेय नंतर कमी आवडू लागलं. मुलाचा तर्क बिनतोड आहे : जे प्यायला लाच द्यावी लागते, ते चांगलं कसं असेल? ‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ या एका वाक्यात भाजी शिक्षा ठरते आणि आइस्क्रीम बक्षीस.

बंदीचीही हीच गत. बर्च आणि जेनिफर फिशर यांनी १९९९ मध्ये मुलांसमोर पारदर्शक बरणीत फळांची बिस्किटं ठेवली, पण थोडाच वेळ हात लावू दिला. तशाच दुसऱ्या चवीची बिस्किटं मोकळी होती. पोरांचं लक्ष, बोलणं, मागणं, सगळं बरणीभोवती. फडताळाच्या वरच्या फळीवर लाडवांचा डबा ठेवणाऱ्या घरांना हे प्रयोगाशिवाय ठाऊक आहे.

आग्रह करणाऱ्या आजीला मात्र मी हसणार नाही. आज जिची नातवंडं तीन-चार वर्षांची आहेत, तिचं बालपण कदाचित १९७२ च्या दुष्काळात गेलं असेल. लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामावरची सुकडी जिने खाल्ली, तिला ताटातलं टाकणं बघवत नाही. शिवाय भीती जुनी झाली असंही नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.५ टक्के वयाच्या मानाने बुटकी होती. जाड होती ३.४ टक्के. ‘मुलाला भूक असेल तेवढंच खाऊ द्या’ हा सल्ला शिकागोत देणं सोपं आहे.

शिकागोचं नाव उगाच घेतलं नाही. क्लारा डेव्हिस या डॉक्टरबाईंनी १९२६ पासून काही वर्षं एक प्रयोग चालवला, बराचसा शिकागोत. तो आज कुठलीच नैतिकता समिती मंजूर करणार नाही. नुकतंच अंगावरचं दूध सुटलेली १५ बाळं, काही महिन्यांपासून काही वर्षांपर्यंत त्यांच्या देखरेखीखाली होती. एकूण ३४ पदार्थ : दूध, फळं, भाज्या, धान्यं, अंडी, मांस, मासे, काळीज, मीठसुद्धा. त्यांतले काही दर जेवणाला वाट्यांमध्ये समोर यायचे. परिचारिकेने चमचा हातात घेऊन गप्प बसायचं. बाळाने वाटीकडे हात केला तरच चमचा भरून पुढे धरायचा. घास घ्यावा म्हणून आग्रह करायचा नाही, आणि ‘शहाणं गं’ म्हणायचं नाही. बाळांनी काय केलं? एकाने न्याहारीला अर्धा लिटरभर संत्र्याचा रस आणि काळीज घेतलं. कुणी रात्री अंडी, केळी आणि दूध. मुडदूस घेऊन आलेल्या एका बाळाने समोर ठेवलेलं कॉड माशाच्या यकृताचं तेल दुखणं बरं होईपर्यंत आपणहून प्यायलं आणि मग सोडून दिलं. सगळी धट्टीकट्टी झाली.

बाळाला आपलं भलं कळतं, एवढाच अर्थ पुष्कळांनी काढला. डेव्हिसबाईंनी स्वतः १९३९ मध्ये खरी मेख सांगितली : यादी आमची होती. त्या ३४ पदार्थांत साखर नव्हती, मैदा नव्हता, डबाबंद काही नव्हतं. हात कुठल्याही वाटीत घातला तरी पोषणच मिळणार होतं. अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी पुढे हीच कामाची वाटणी करून दिली. काय, केव्हा, कुठे बसून, हे मोठ्यांनी ठरवायचं; किती, किंवा मुळीच नाही, हे मुलाने. आपल्याकडे नेमकं उलटं चालतं. काय खायचं ते मूल ठरवतं, म्हणून पिवळ्या पुड्यातल्या शेवया. आणि किती ते आपण ठरवतो, मोबाइलवर गाणी लावून. पडद्यात डोळे घातलेल्या मुलाला पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. म्हणून तर ते गुमान गिळतं.

मग जिथे कुपोषण आहे तिथे काय? याचं उत्तर हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शहनाज वझीर आणि सहकाऱ्यांनी शोधलं, तेही तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या ६० खेड्यांत. खेड्यांचे तीन गट केले. एका गटात अंगणवाडीची नेहमीची सेवा. दुसऱ्यात वरचं अन्न काय, किती घट्ट, किती वेळा द्यायचं याची घरी जाऊन शिकवण. तिसऱ्यात ती शिकवणही आणि आणखी काही : बाळाच्या भुकेच्या आणि पोट भरल्याच्या खुणा ओळखा, भरवताना त्याच्याशी बोला, त्याला हाताने खाऊ द्या, साध्या खेळण्यांनी खेळा. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. अन्न दोन्ही शिकवलेल्या गटांतल्या बाळांच्या पोटात जास्त गेलं. तिसऱ्या गटात बाळाचं ऐकल्यामुळे ते घटलं नाही. आणि पंधराव्या महिन्याला बौद्धिक विकासाचे गुण नेहमीच्या सेवेच्या गटापेक्षा स्पष्टपणे वाढले ते तिसऱ्याच गटात. त्यात खेळाचा वाटा किती आणि भरवण्याचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण गरीब घरात लाड परवडत नाहीत, कोंबूनच खाऊ घालावं लागतं, या समजुतीला एवढ्याने तडा जातो.

चव लावायची तर धीर हाच मार्ग. तोच पदार्थ चिमूटभर, गाजावाजा न करता, आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळा समोर यावा लागतो. आपण बहुतेक तिसऱ्या खेपेला ‘त्याला कारलं आवडत नाही’ असा शिक्का मारून मोकळे होतो. ही ओळख पोटात असल्यापासून होते. ज्यूली मेनेला यांच्या २००१ च्या प्रयोगात गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत किंवा अंगावर पाजताना गाजराचा रस घेतलेल्या आयांची बाळं पुढे गाजराच्या चवीची पेज कमी कुरकुर करत खात होती.

मूल मोठं झालं की घासाची जागा बोलणं घेतं. मिनेसोटात किशोरवयीन मुलं आणि त्यांचे पालक यांची मोठी पाहणी झाली. ज्या घरांत मुलांच्या वजनावर बोललं जाई, तिथल्या मुलांत उपाशी राहण्यासारखे घातक प्रकार जास्त आढळले. ज्या घरांत वजनाऐवजी चांगल्या खाण्यावर बोललं जाई, तिथे कमी. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही हे खरं. तरी लग्नघरात पंधरा वर्षांच्या मुलीला ‘काय गं, सुटलीस की’ म्हणणाऱ्या मावशीने पुरावा पक्का होईपर्यंत थांबायचं काही कारण नाही.

नाक मुरडण्याचं दुखण्यात रूपांतर कधी होतं, हेही माहीत असावं. वाढीच्या तक्त्यावर वजनाची रेघ खाली वळली, खाण्यातले पदार्थ वाढण्याऐवजी मोजके उरले, घास गिळताना ठसका लागतो किंवा दुखतं, नव्या पदार्थाच्या वासानेच मूल थरथरतं, तर घरगुती धीर पुरत नाही; बालरोगतज्ज्ञांना आणि गरज पडली तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावं.

या सगळ्या संशोधनात एक गोष्ट मला खटकते. ‘पालक’ म्हणून ज्यांना प्रश्न विचारले गेले त्या बहुतेक सगळ्या आया आहेत. बाप अपवादाने येतो. आपल्याकडे मूल दिवसभर जिच्या हातचं जेवतं ती कधी आजी असते, कधी पाळणाघरातली मावशी, आणि संध्याकाळी घरी येताना खिशातून चॉकलेट काढणारा बहुधा बाबा असतो.