अध्यापक, नोकर आणि विद्यापीठ : एर्न्स्ट कांटोरोविच यांच्या शपथविरोधी लेखनाचा विचार

विद्यापीठ म्हणजे नेमके कोण, हा प्रश्न प्रशासनाच्या पुस्तकांत क्वचितच विचारला जातो. कॅलिफोर्निया विद्यापीठातील १९४९ ते १९५२ या काळातील निष्ठाशपथेच्या वादात मात्र तो अटळ ठरला, आणि त्याचे सर्वांत मूलगामी उत्तर मध्ययुगीन इतिहासाच्या एका प्राध्यापकाने दिले. एर्न्स्ट कांटोरोविच (१८९५-१९६३) यांनी १९५० साली ‘द फंडामेंटल इश्यू’ ही पुस्तिका काढली. वादातील मूळ कागदपत्रे आणि त्यांवरील समासटीपा असे तिचे स्वरूप आहे. अध्यापकांच्या स्वशासनासंबंधीचा हा दस्तऐवज वाङ्मयप्रकार म्हणूनही विचारात घेण्याजोगा आहे.

प्रथम घटनाक्रम. २५ मार्च १९४९ रोजी विद्यापीठाच्या रीजंट्स मंडळाने अध्यापकांच्या शपथेत साम्यवादविरोधी कलम घालण्याचा निर्णय घेतला. १४ जून १९४९ रोजी बर्कली येथे अध्यापकांच्या अधिसभेत कांटोरोविच यांनी त्यास जाहीर विरोध केला. येथील अधिसभा ही आपल्याकडील अधिसभेप्रमाणे विविध घटकांच्या प्रतिनिधींची नसून केवळ अध्यापकवर्गाची सभा आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. १९१९-२० मधील अध्यापकांच्या चळवळीमुळे तिला नेमणुका, अभ्यासक्रम इत्यादी बाबींत लक्षणीय अधिकार प्राप्त झाले होते. शपथेच्या निमित्ताने पणाला लागले ते हे अधिकारच.

कांटोरोविच यांच्या विरोधाला त्यांच्या पूर्वायुष्यामुळे वेगळे वजन प्राप्त होते. ते साम्यवादी नव्हते. उलट पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत डाव्या क्रांतिकारकांविरुद्ध त्यांनी शस्त्र हाती घेतले होते. पुढे हिटलरनिष्ठेची शपथ न घेता १९३४ साली त्यांनी फ्रँकफर्ट येथील प्राध्यापकपदावरून निवृत्ती पत्करली, १९३८ साली देश सोडला आणि १९३९ मध्ये ते बर्कलीस आले. डाव्यांविरुद्धच्या आपल्या लढ्याने अभावितपणे नाझींचाच मार्ग मोकळा झाला, ही कबुली त्यांनी विद्यापीठाच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात दिली. अधिसभेतील भाषणाचे सूत्रही हेच होते : सक्तीची शपथ प्रारंभी निरुपद्रवी भासते, तिची सवय झाल्यावर तिच्यातील शब्द बदलता येतात.

पुस्तिकेचा गाभा मात्र आत्मचरित्रात्मक नाही. न्यायाधीश, धर्मोपदेशक आणि प्राध्यापक हे तीनच व्यवसाय झगा परिधान करतात, याकडे कांटोरोविच लक्ष वेधतात. त्यांच्या मते हा झगा म्हणजे परिपक्व विवेकाची आणि सद्सद्विवेकबुद्धीशी थेट उत्तरदायी असण्याची खूण होय. अशा व्यक्तींवर दडपण आणून निष्ठा वदवून घेणे म्हणजे त्यांच्या पदाचाच अवमान. याच सूत्रातून दुसरा मुद्दा निघतो. मध्ययुगात ‘युनिव्हर्सितास’ या लॅटिन संज्ञेने इमारत वा व्यवस्थापन नव्हे, तर अध्यापक-विद्यार्थ्यांचा संघ निर्दिष्ट होत असे. तेव्हा अध्यापक हे विद्यापीठाचे नोकर नव्हेत. विद्यार्थ्यांसह तेच विद्यापीठ होत. एखाद्या संज्ञेचा इतिहास वर्तमानातील सत्तासंबंधांवर कसा प्रकाश टाकतो, याचे हे बोलके उदाहरण आहे. पद आणि व्यक्ती यांतील हाच भेद ‘द किंग्ज टू बॉडीज’ (१९५७) या त्यांच्या प्रख्यात ग्रंथात राजसत्तेच्या संदर्भात विस्ताराने येतो.

या भूमिकेच्या मर्यादाही स्पष्ट आहेत. विद्यापीठातील इतर कर्मचारी ‘नोकर’ या वर्गातच राहतात. म्हणजे स्वातंत्र्याचा हा युक्तिवाद काही अंशी श्रेणिभेदावर उभा आहे. शिवाय ज्या संघाच्या नावे तो केला गेला तो संघ एकसंध नव्हता. मार्च १९५० मध्ये खुद्द अध्यापकांनीच साम्यवादी पक्षाच्या सदस्यांना नेमू नये या धोरणास टपाली मतदानात मोठ्या बहुमताने संमती दिली. सही न करणाऱ्यांची सुनावणी अधिसभेच्या समितीपुढे झाली आणि बहुतेकांविषयी तिचा अभिप्राय अनुकूल होता. २१ जुलै १९५० रोजी रीजंट्सनी तो १० विरुद्ध ९ मतांनी स्वीकारला. परंतु २५ ऑगस्ट रोजी १२ विरुद्ध १० मतांनी निर्णय फिरवून ३१ जणांना कमी केले. त्यांत कांटोरोविच होते. त्यांच्यापैकी कोणावरही साम्यवादी असल्याचा आरोप नव्हता. अपराध होता तो अवज्ञेचा.

ऑक्टोबर १९५२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘टोलमन विरुद्ध अंडरहिल’ खटल्यात विद्यापीठाची शपथ अवैध ठरवली. पण आधार निराळा होता : निष्ठाशपथेचा विषय राज्याच्या कायद्याने व्यापला असल्याने विद्यापीठाला स्वतंत्र शपथ लादता येत नाही. राज्याची लेव्हरिंग शपथ त्यामुळे कायम राहिली. ती १९६७ साली रद्द ठरली. अध्यापक म्हणजेच विद्यापीठ, या तत्त्वावर न्यायालयाने निर्णय दिलाच नाही. कांटोरोविच १९५१ सालीच प्रिन्स्टनच्या उच्च अध्ययन संस्थेत गेले होते.

कांटोरोविच यांचे कागदपत्र आज न्यूयॉर्कच्या लिओ बेक इन्स्टिट्यूटमध्ये जतन केलेले आहेत. आपला खासगी पत्रव्यवहार मागे राहू नये अशी इच्छा असणाऱ्या या इतिहासकाराने संस्थेशी झालेल्या वादाची कागदपत्रे मात्र स्वतः छापून वाचकांपुढे ठेवली. व्यक्तीचे ते खासगी, पदाचे ते सार्वजनिक, असा विवेक त्यामागे दिसतो. खटल्याच्या निकालाने जो प्रश्न अनुत्तरित ठेवला, तो या पुस्तिकेच्या समासात शिल्लक आहे. आणि अध्यापकाची नेमणूक, बढती वा बडतर्फी जेथे अध्यापकांच्या अभिप्रायाविरुद्ध ठरवली जाते, तेथे तो पुन्हा विचारला जाणे क्रमप्राप्त आहे.